रणदुल्लाखानाची मोट



पत्रिकेत विषय छापलाय ‘सेनापती रणदुल्लाखान’. त्याची कबर तुमच्या रहिमतपुरात आहे, तेव्हा आदिलशाही काय होती हे तुम्हाला सांगत बसत नाही. गोलघुमट ज्याचा, त्या महंमद आदिलशहाचा हा सरदार. कारकीर्द १६२७ ते १६५६. पुढं जाऊ.

सेनापतीच्या शेजारी लिहिणारा माणूस असावा लागतो. बायझंटाईन साम्राज्याच्या बेलिसारिअसजवळ प्रोकोपिअस हा त्याचा सचिव होता, म्हणून दीड हजार वर्षांनी त्याच्या लढाया आपण बारकाईनं वाचतो. रणदुल्लाखानाला असा कोणी लाभला नाही. विजापूरच्या तवारिखा बादशहाच्या; सरदार त्यात येतात नि जातात. मग त्याला वाचायचं कुठं? माझं म्हणणं, इथं. मोटेपाशी.

आधी लढाया. १६३६ मध्ये माहुलीला शहाजीराजांना वेढा पडला, त्यात मोगलांचा खानजमान होता आणि आदिलशाहीकडून आपला खान. निजामशाही बुडाली, शहाजीराजे विजापूरकडे आले. १६३७ मध्ये इक्केरीची मोहीम. १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतातही रणदुल्लाखान आहे. श्रीरंगपट्टणला मात्र कंठीरव नरसराजानं त्याला परतवून लावलं.

मागून प्रश्न आला, तो ऐकला मी. ‘शत्रूचं कौतुक कशाला?’ रागावून विचारलंत तरी प्रश्न रास्त आहे. याच खानाच्या हाताखाली अफजलखान लढला, शिऱ्याच्या मोहिमेत होता, हे मी लपवणार नाही. रणदुल्लाखानाचा मुलगा रुस्तुमेजमान १६५९ च्या डिसेंबरात कोल्हापूरजवळ शिवाजीमहाराजांकडून हरला, हेही नाही. पण शहाजीराजे याच खानाबरोबर कर्नाटकात वर्षानुवर्षं घोड्यावर होते. ते नातं खोडलं तर राजांचं बंगळूर समजायचं कसं? एवढंच माझं उत्तर आहे, आणि ते मी बदलणार नाही.

आता मोट. मशिदीपासून थोड्या अंतरावर, विहिरीच्या काठी जवळपास पन्नास फूट उंचीचा मनोरा, एका अंगाला लांब चढण. सातारा गॅझेटियरच्या साहेबालाही त्याचं नवल वाटलं. ही हत्तीची मोट. इतक्या उंचावर पाणी न्यायचं कशाला? मशिदीतलं कारंजं उडवायला. पंप नाही, वीज नाही. पाणी जितक्या उंचावरून नळात उतरेल तितक्या जोरानं ते पलीकडं वर उसळणार. ती उंची बांधून काढायची, असं कोणी तरी ठरवलं.

मी मोट पाहिलेला माणूस आहे. आमचे आजोबा पहाटे मोट धरायचे. बैल धावेवरून खाली उतरू लागले की आजोबा नाड्यावर बसायचे, त्यांच्या वजनानं बैलांचा भार हलका व्हायचा. मोट वर आली की सोल ढिली, सोंडेतून पाणी थारोळ्यात, तिथून पाटाला. (श्रोत्यांतून : ‘सोंड हत्तीची का?’ हशा.) मोटेची हो, चामड्याच्या मोटेच्या नळीलाही सोंडच म्हणतात. पण खरी कसरत पुढं. बैलांना पाठमोरं धाव चढून मागं यायचं असतं. नवा बैल बिथरतो. आमचा एक ढवळ्या आठ दिवस मागं पाऊलच टाकेना. आजोबांनी त्याला मारलं नाही, स्वतः त्याच्या पुढं उभं राहून, कपाळाला तळहात लावून, पावलापावलानं मागं नेलं. नवव्या दिवशी तो एकटा आला. मी त्या मनोऱ्याखाली उभा राहतो तेव्हा मला ढवळ्या आठवतो, आणि वाटतं, हत्तीला हे कोणी शिकवलं? त्या माहुताच्या हाताला काय ठाऊक होतं?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणतात. मग कबरीच्या बांधकामाचं सगळं सोडतो.

उद्या सकाळी सात वाजता मी मोटेपाशी आहे. ज्यांनी मोट हाकलीय अशा वडीलधाऱ्यांना घेऊन या. हत्ती तिथं वळत होता की पाठमोरा येत होता, हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय. घरी जुना नाडा, कणा, चाक, काही पडलं असेल तर तेही आणा.