आम्ही तुमच्या वस्तीत कशासाठी आलो?

(भिवंडी येथील धामणकर नाक्यावर नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत एका वयोवृद्ध बौद्धाचार्यांनी केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी आम्ही पतिपत्नी एक पेटी आणि एक वळकटी घेऊन तुमच्या वस्तीतील एका भाड्याच्या खोलीत राहावयास आलो. तेव्हापासून तुमची कुजबुज आमच्या कानांवर येत आहे. या म्हातारा-म्हातारीला मुलांनी घराबाहेर काढले काय? यांना कोणत्या पक्षाने पाठविले? आणि यांचे पावतीपुस्तक केव्हा बाहेर निघणार? हे प्रश्न ऐकून आम्हांस राग आला नाही, उलट समाधान वाटले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या धर्माच्या नावाने नागविण्यात आले, त्याने धर्माचे नाव घेऊन दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाची अशीच झडती घेतली पाहिजे. तेव्हा आमची झडती आज आम्हीच देतो.

मुलांनी आम्हांस काढलेले नाही. नोकरी संपली, मुलांचे संसार उभे राहिले, निवृत्तिवेतन दोघांच्या भाकरीस पुरते. खोलीचे भाडे आम्ही देतो. पावतीपुस्तक आमच्यापाशी नाही. येथे एक वर्ष राहण्याचा आमचा संकल्प आहे, आणि वर्ष संपताच आम्ही जाणार आहोत. का जाणार, ते पुढे सांगतो.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात भिक्षूंच्या आळसावर त्यांनी कठोर टीका केली आणि लोकांची सेवा करण्याच्या बाबतीत ख्रिस्ती मिशनऱ्यांपासून धडा घ्यावा असे सुचविले. पुढे ब्रह्मदेशातील बुद्ध शासन कौन्सिलकडे त्यांनी भारतातील बौद्ध चळवळीची जी योजना पाठविली, तीत भिक्षूंखेरीज गृहस्थ प्रचारकांचा वर्ग असावा, हे प्रचारक विवाहित असले तरी चालतील, आणि आरंभी अर्धवेळ काम करणारे असले तरी चालतील, असे मांडले होते. १९५५ साली त्यांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली ती एकट्याने घेतली नाही. माईसाहेब शेजारी उभ्या होत्या आणि त्रिशरण-पंचशील दोघांनी मिळून ग्रहण केले. वयोवृद्ध भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतल्यावर समोरच्या लाखोंच्या समुदायाला त्यांनी स्वतः, एका गृहस्थाने, दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात तर दीक्षा देण्याचा अधिकार त्यांनी प्रत्येक बौद्धाला दिला. असे असताना, प्रचारक म्हणजे केवळ चीवरधारी पुरुष, हा समज आपल्यात कोठून आला?

भिक्षुसंघाविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु भिक्षू तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू शकत नाही. आणि बंधूंनो, धर्मांतर अडते ते स्वयंपाकघरातच. सभेत बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणणाऱ्या गृहस्थाच्या घरी त्याची वृद्ध आई कुलदैवताचे टाक तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते, हे आम्ही अनेक वस्त्यांत पाहिले आहे. तिला ढोंगी म्हणू नका. तिचा नातू तापाने फणफणला होता तेव्हा सभेतला कोणताही वक्ता तिच्याजवळ नव्हता, टाक होते. अशा माउलीपुढे मी व्याख्यान दिले तर ती पदर सावरून मान डोलावील आणि डबा अधिक खोल ठेवील. माझी सहचारिणी तिच्याजवळ बसते, निवडायला घेतलेले तांदूळ स्वतःच्या सुपात ओढून घेते, नातवाला दवाखान्यात नेले काय हे विचारते, नेले नसेल तर चपला घालून बरोबर निघते. टाकांचा विषय ती सहा-सहा महिने काढीत नाही. एखादे दिवशी ती म्हातारीच काढते. प्रत्येक वेळी टाक जातातच, असे मी म्हणणार नाही. परंतु जेथे जातात तेथे ते पुन्हा परत येत नाहीत.

जोडप्याने धम्माचे काम करावे ही गोष्ट नवी आहे असे कोणी समजू नये. भग्गांच्या देशात सुंसुमारगिरी नावाच्या ठिकाणी नकुलपिता आणि नकुलमाता असे एक वृद्ध जोडपे भगवंतांचे उपासक होते. दोघांची श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा सारखी असावी, म्हणजे संसार जुळतो, असा उपदेश भगवंतांनी त्यांना केला. परंतु त्यांची जी गोष्ट या गावाने विशेष ध्यानात ठेवावी ती निराळी. नकुलपिता एकदा मरणाच्या दारी पोहोचला. तेव्हा ती बाई रडत बसली नाही. तिने नवऱ्याला सांगितले की, माझी चिंता मनात घेऊन मरू नका. मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी मुलांना पोशीन, घर सांभाळीन आणि धम्मही सोडणार नाही. नवरा बरा झाला. काठी टेकीत तो भगवंतांकडे गेला, तेव्हा अशी उपदेश करणारी सहचारिणी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंतांनी त्याला सांगितले. पाहा, अडीच हजार वर्षांपूर्वी जिच्या शहाणपणाची थोरवी भगवंतांनी गायिली ती बाई सूत कातणारी होती! आणि आज ज्या गावात रात्रंदिवस माग खडखडतात, तेथल्या घरी बसून कपड्याचे धागे कापणाऱ्या आपल्या भगिनींना वाटते की, धम्म हा शिकल्यासवरल्या पुरुषांचा विषय आहे.

धम्म या भूमीला परका नाही. भगवंतांचा शिष्य पूर्ण हा आपल्याच उत्तर कोकणातला, सोपाऱ्याच्या बाजूचा. तेथील स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला. आपल्या लोकांकडे परत जातो असे पूर्णाने सांगितले, तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले की, ते लोक कठोर आहेत, शिव्या देतील, मारतील, मग काय करशील? शिव्या दिल्या तर हाताने मारीत नाहीत म्हणून ते भले आहेत असे मी समजेन, असे उत्तर देत देत तो थेट मरणापर्यंत गेला. आम्हांला तर तुम्ही पहिल्याच दिवशी चहा पाजलात. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या रहिवाशांची दाने कोरलेली आहेत आणि भिवंडीजवळच्या लोनाडला बौद्ध लेणे आहे. मुलांना एकदा तेथे घेऊन जा. कोणी 'हा धर्म कालचा' असे हिणविले तर बोट कोठे दाखवावयाचे हे त्यांना समजेल.

आता हक्कांविषयी बोलतो, कारण आठ दिवसांत सर्वांत अधिक विचारणा याचीच झाली. शाळेच्या दाखल्यात 'बौद्ध' लिहिले तर सवलती जातील, ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ही भीती एके काळी खरी होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्ध नव्हते. महाराष्ट्र राज्याने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या लोकांना चौतीस वर्षे झगडावे लागले आणि १९९० साली त्या आदेशात दुरुस्ती झाली. तेव्हापासून मूळचा अनुसूचित जातीचा मनुष्य बौद्ध झाला म्हणून त्याचा हक्क जात नाही. धर्माच्या रकान्यात निर्भयपणे 'बौद्ध' लिहा. मूळ जातीचा जुना पुरावा मात्र जपून ठेवा. जातीचे प्रमाणपत्र काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी तो गावच्या शाळेत अथवा तहसिलीत शोधावा. आजोबा-पणजोबांचे नाव कोणत्या कागदावर आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती जिवंत आहेत तोवर विचारून घ्या. परराज्यातून आलेल्यांस येथील सवलती मिळत नाहीत, आणि ज्यांची मूळ जात अनुसूचित नाही त्यांनाही बौद्ध झाल्याने ती सवलत लागू होत नाही. कोणी प्रचारक तसे आमिष दाखवील तर त्याला दारातूनच परत पाठवा.

१९५१ च्या जनगणनेत देशात बौद्धांची संख्या दोन लाखांच्या आत होती. १९६१ साली ती बत्तीस लाखांवर गेली, आणि त्यांतील जवळजवळ अठ्ठावीस लाख महाराष्ट्रातले होते. २०११ साली देशातील चौऱ्याऐंशी लाखांपैकी पासष्ट लाख आपल्या राज्यात होते. पुढचा प्रगणक दारी येईल तेव्हा घरी बहुधा बाई एकटीच असेल आणि कर्ता पुरुष पाळीवर असेल. काय सांगावयाचे हे तिला ठाऊक आहे काय?

आणखी एक विषय आहे. तो धर्मोपदेशाचा नव्हे असे काहींना वाटेल. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे याच नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये तीन मजली इमारत कोसळली आणि चाळिसाच्या आसपास माणसे झोपेत दगावली. मेलेल्यांचा धर्म कोणता, हे मातीच्या ढिगाऱ्याने विचारले नाही. ज्या खोलीत आपण वंदना घेतो तिच्या भिंतीला भेग असेल, तर ती भेग पालिकेच्या दप्तरात नोंदविण्याचा अर्ज लिहिणे हेही धम्माचे काम आहे. असा अर्ज एकट्या बौद्धांचा असू नये. त्यावर पद्मनगरच्या तेलुगू विणकराची आणि शेजारच्या अन्सारी कुटुंबाची सही हवी. १९७० आणि १९८४ च्या दंगली या शहराने भोगल्या आहेत. शेजाऱ्याशी वैर शिकविणारा प्रचारक, मग त्याच्या अंगावर पांढरी वस्त्रे असोत की आणखी कोणती, आपल्या कामाचा नाही.

आता आम्ही वर्षानंतर का जाणार ते सांगतो. अमेरिकेत मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्या पंथातील निवृत्त जोडपी स्वखर्चाने परक्या गावी जाऊन राहतात, ठराविक मुदत सेवा करतात आणि घरी परततात. त्यांच्या धर्ममतांशी आपल्याला कर्तव्य नाही. परंतु मुदत ठरवून जाणे ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. मुदत नसली की प्रचारकाचा पुजारी होतो. आजच पाहा: या आठ दिवसांत चौघांनी आमचे पाय धरले, एकाने बारशाचा 'मुहूर्त' विचारला आणि एका भगिनीने मुलीचे लग्न आमच्याच हातून व्हावे म्हणून दक्षिणा किती, असे विचारले. पाच-दहा वर्षे राहिलो तर आम्ही तुमचे नवे भट होऊ, आणि ते तुम्हांला कळणार नाही, आम्हांलाही कळणार नाही. म्हणून नामकरण, विवाह, अंत्यविधी हे सर्व संस्कार करणारे निदान पाच जण वर्षाच्या आत याच वस्तीतून तयार झाले पाहिजेत, आणि त्यांत दोन स्त्रिया असल्या पाहिजेत. ज्यांना सुटी मिळेल त्यांनी महासभेच्या श्रामणेर शिबिरास जावे. ज्यांची रोजी बुडते त्यांनी आमच्या खोलीवर यावे. बाबासाहेबांची 'बौद्ध पूजा पाठ' ही पुस्तिका लहान आहे, ती पाठ होण्यास विद्वत्ता लागत नाही.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन दररोज एका घरी होईल. मागाची पाळी बारा तासांची, त्यामुळे सर्वांना सोईची एक वेळ सापडणार नाही हे आम्ही जाणतो. म्हणून वाचन दोनदा ठेविले आहे: दिवसपाळीवाल्यांसाठी रात्री नऊला आणि रातपाळीवाल्यांसाठी सकाळी, झोपण्यापूर्वी अर्धा तास. गोदामात हमाली करणाऱ्या बंधूंनी रविवारी दुपारी यावे. वाचणारा त्या घरातलाच असावा. घरात कोणालाच वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाने वाचावे आणि मोठ्यांनी ऐकावे. मूल अडखळले तर हसू नये. वाचनानंतर हार, नारळ, पेढे काही नको.

कागदपत्रांसाठी दर बुधवारी सायंकाळी माझी सहचारिणी आणि मी दोघे खोलीवर असू. येताना रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि गावचा जो काही जुना कागद सापडेल तो घेऊन या. भगिनींनी नवऱ्याची वाट न पाहता एकटीने आले तरी चालेल.

जय भीम.