पूर्वपक्षाचा मान आणि कुलूपबंद ग्रंथ

(चितेगाव येथील भाषणाचे शब्दांकन)



चितेगावावरून जाणारा रस्ता पैठणला पोहोचतो. त्या पैठणात शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यात कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, असेही त्यांनी बजावले. ग्रंथाच्या नकला मात्र पुढेही होत राहिल्या. त्याच नाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यात तुर्काचे आक्षेप तुर्काच्याच तोंडी येतात आणि शेवटी दोघांचा समेट होतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडावे, मगच त्याचे खंडन करावे, ही भारतीय शास्त्रार्थाची रीत आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त शंकराचार्यांच्या संन्यासपर अर्थाशी मतभेद नोंदविला, तो आचार्यांची भूमिका सविस्तर मांडून.

अशा मतभेदासाठी ग्रंथ हाताशी असावा लागतो. उतारा शब्दशः टिपून दुसऱ्यास दाखविता यावा लागतो. कुलूपबंद इ-पुस्तक नेमके येथे अडते. विकत घेतलेले पुस्तक दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही, स्नेह्यास वाचावयास देता येत नाही, उतारा घेण्यावर बंधन येते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी काही ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीने पुढे क्षमाही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पुस्तक-दालन बंद झाले. तेथेही मूल्य परत मिळाले, पण पुस्तके उघडेनाशी झाली.

आता प्रकाशकांचा पूर्वपक्ष. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते. लेखकाची अनेक वर्षांची तपश्चर्या भ्रमणध्वनीवरून क्षणात फुकट पसरते आणि तोटा लेखक-प्रकाशक सोसतात. हे म्हणणे खरे आहे. ज्ञानप्रसाराच्या नावाने केलेली चोरी ही चोरीच होय.

तथापि कुलूप चोर आणि साव ओळखत नाही. चोर कुलूप तोडलेली प्रत मिळवितो; जाच मूल्य देणाऱ्यास होतो. भारतीय स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ स्वाध्याय, टीका व समीक्षणासाठी रास्त उपयोगास मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगते. म्हणजे कायदा हेतू पाहतो. यंत्रातील कुलूप हेतू पाहत नाही. प्रतीवर खरेदीदाराचे नाव उमटविण्याची पद्धतही उपलब्ध आहे. तिच्यात लेखकाचे हित राखले जाते आणि वाचकाचा स्वाध्यायही अडत नाही.

कार्यकर्त्याचे कर्तव्य यातून दुहेरी ठरते. फुकट आलेली चोरटी प्रत पुढे पाठवू नये, ग्रंथ विकत घ्यावा आणि कुलपाविना प्रत मिळावी, असा आग्रह प्रकाशकाकडे सौजन्याने धरावा. आणि ज्याच्याशी मतभेद आहे, त्याचा ग्रंथ स्वतः वाचून त्याचेच शब्द पुढे ठेवावेत. ऐकीव माहितीवर केलेले खंडन टाळ्या मिळवील. समाजाचे मन मात्र जिंकणार नाही.