गाडीखाली जाण्यापूर्वी

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल घरी बदलता येते. पण आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांचे लक्ष प्रथम गाडीखाली शिरणाऱ्या देहाकडे जाते. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. सपाट, पक्क्या जमिनीवर, चाकांना दगड लावून, गाडी पोलादी स्टँडवर टेकवल्याखेरीज कोणी खाली जाऊ नये. तेल कोमट असावे. कढत तेल हात भाजते. बूच काढले तरी सारे तेल येत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून निघाले तेवढे मोजून, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच भरावे, आणि तिच्यात सांगितल्याप्रमाणे पातळी पाहावी. ('आजन्म चालणारे तेल' असली आश्वासने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत!) जुने तेल गटारात ओतू नये, गटार साफ करणारा माणूसच असतो. ते डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.