बायबल शब्दशः खरे मानावे काय?



विषय जाहीर झाल्यापासून मला दोन प्रश्न विचारले गेले. कामगार चळवळीतल्या माणसाने या भानगडीत का पडावे, हा पहिला. दुसरा आमच्याच एका ख्रिस्ती मित्राने मालवणीत केला, 'बायबलात लिवलां हा तां सगळां खरां काय, तां आता तू ठरवतलंस?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी ना पाद्री, ना पंडित. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयांत झाले. पण करारातला शब्द आणि त्याचा अर्थ यांवरून भांडण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. आणि बायबल हाही एक करारच आहे. जुना करार, नवा करार ही नावेच ते सांगतात.

आता शब्दशः खरे म्हणजे काय ते पाहू. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव सहा दिवसांत सृष्टी निर्माण करतो. दिवस म्हणजे चोवीस तास असा आग्रह धरला की चौथ्या दिवशी अडचण येते. सूर्य निर्माण होतो चौथ्या दिवशी, आणि तोवर तीनदा संध्याकाळ झाली, सकाळ झाली असे लिहून झालेले असते. ही शंका कुणा नास्तिकाने काढलेली नाही; तिसऱ्या शतकातील ओरिजेन या ख्रिस्ती आचार्यानेच ती काढली. पहिल्या अध्यायात पशू आधी व माणूस मागून, तर दुसऱ्यात माणूस आधी व पशू मागून. १६५० साली आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी वंशावळींचा हिशेब मांडून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये धरला. आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा, तो लाव्हारस मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सहा हजार आणि साडेसहा कोटी यांत तडजोड घडवून आणील असा लवाद मला तरी ठाऊक नाही. मी काही नवीन सांगतो आहे असे समजू नका. रोमन कॅथलिक चर्चनेही १९४३ साली आणि पुन्हा १९६५ साली आपल्या अधिकृत लेखांत सांगितले आहे की, शास्त्र वाचताना लिहिणाराचा काळ आणि लेखनाचा प्रकार ध्यानी घ्यावा.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात आठवड्याच्या आठवड्याला जाहीर वाद झडत. अशा वादांत एक गंमत दिसते. प्रतिपक्षाचे पुस्तक अक्षरशः वाचायचे आणि हसायचे, आपले पुस्तक आले की रूपक म्हणून सोडवून घ्यायचे, ही युक्ती दोन्हीकडे चालते. पण विष्णुबावांना मी एवढ्यावरून मोजणार नाही. याच माणसाने १८६७ साली 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंध' लिहून जमीन सर्वांची सामाईक असावी, असे सांगितले. तो निबंध आमच्या चळवळीतही फार थोड्यांनी वाचला आहे. आमच्यात पोथीनिष्ठ काही कमी नाहीत, पण त्यांच्या पोथ्या परदेशी असतात!

आणखी एक गोष्ट. मराठीत बायबल वाचणारा 'शब्दशः' म्हणतो तेव्हा शब्द कोणाचा? १८११ साली विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला नवा करार मराठीत छापला तो एक. पंडिता रमाबाईंना रूढ भाषांतर साध्या बायाबापड्यांना कळणारे वाटेना, म्हणून केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल स्वतः मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आले, त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. रमाबाईंची उत्तरायुष्यातली श्रद्धा कडवी होती. पण हीच बाई १८८० नंतरच्या दशकात इंग्लंडात असताना, चर्च सांगते म्हणून कोणताही सिद्धान्त मान्य करायला तयार नव्हती. स्वतः शास्त्र वाचीन आणि पटेल ते घेईन, हा तिचा हट्ट होता. हिब्रूत 'योम' म्हणजे दिवस. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तोच शब्द सगळ्या निर्मितीच्या काळाला मिळून एकदाच वापरला आहे. भाषांतर करणाऱ्याला तिथे थांबून विचार करावा लागतो. तो विचार केला की शब्दशः हा शब्द पूर्वीइतका सोपा राहत नाही.

आता माझ्या प्रांतातली गोष्ट सांगतो. एका कारखान्याशी आम्ही करार केला, त्यात 'दर आठवड्यास एक दिवस सुट्टी' असे कलम होते. व्यवस्थापनाने पहिल्या आठवड्याची सुट्टी रविवारी दिली आणि दुसऱ्याची दिली थेट त्या आठवड्याच्या शनिवारी. दोन आठवड्यांत सुट्ट्या दोन. मधे सलग बारा दिवस काम! शब्द तंतोतंत पाळला होता. १९४८ चा कारखाने कायदा करणारांनी ही चलाखी आधीच ओळखून, सुट्टी बदलली तरी सलग दहा दिवसांहून अधिक काम नको, अशी तरतूद ५२ व्या कलमात घालून ठेवली होती, म्हणून आम्ही तरलो.

ही सातव्या दिवसाची सुट्टी आली कुठून? बायबलातल्या दहा आज्ञांपैकी ती एक. प्रॉटेस्टंट मोजणीत चौथी, कॅथलिक मोजणीत तिसरी. आज्ञा दोन ठिकाणी दिली आहे आणि दोन्हीकडे कारण वेगळे आहे. निर्गमात सांगितले आहे की, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तूही घे. अनुवादात मात्र सांगितले आहे की, तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. तुझ्याप्रमाणे तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा. एकच आज्ञा, एकच देव, आणि दोन कारणे. ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांनी ही दोन्ही कारणे शेजारी शेजारी राहू दिली, एक खोडून दुसरे ठेवले नाही. त्यांना आजच्या काही भक्तांइतकी शब्दाची धास्ती वाटत नसावी.

या सुट्टीसाठी आपल्याकडे भांडले नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सभा झाली, सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन गेले. मागण्या काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जायबंदी झाल्यास भरपाई. ज्या सरकारच्या कचेऱ्या रविवारी बंद राहत आणि ज्याचे साहेबलोक देवळात जाऊन ही आज्ञा ऐकत, त्याच्या राज्यात गिरणीचा भोंगा रविवारीही वाजत होता. सहा दिवसांत सृष्टी झाली हे त्यांतल्या पुष्कळांना मान्य असेल. 'तुझ्या दासाला आणि दासीलाही' ही ओळ मात्र भोंग्यापुढे ऐकू आली नाही. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण लोखंड्यांनी पुढे केले असे सांगतात. २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन स्त्रिया तिथे बोलल्या, आणि १० जूनला मालकांनी सुट्टी मान्य केली. त्या गिरण्यांत खंडोबाचे भक्त होते, मुसलमान विणकर होते. उत्पत्तीचा पहिला अध्याय कोणालाच सिद्ध करावा लागला नाही. अक्षर पाहू गेल्यास वारही चुकलाच, कारण मूळ शाब्बाथ शनिवारचा!

तेव्हा बायबल हे आपले पुस्तक, असे म्हणून मी मोकळा होणार नाही. दासाला विसावा देणारे ते पुस्तक दासाला मुक्त करीत नाही. दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा, हेही त्यात आहे, आणि अमेरिकेतले गुलामांचे मालक तेवढे शब्दशः वाचीत. विश्रांतीच्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सगळे आहेत, बायको नाही. काजू कारखान्यातल्या बायांना मी हे वाचून दाखवले, तेव्हा एकजण पटकन म्हणाली, 'मगे त्या दिवशी जेवाण कोणी रांधल्यान?' शास्त्रात याला उत्तर आहे. आदल्या दिवशी रांधून ठेवावे. म्हणजे सहाव्या दिवशी तिला काम दुप्पट!

हे सर्व ध्यानात घेऊनही एक वाक्य मी शब्दशः मानतो. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे की, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मग तो आपला असो की परका, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. लोखंडे बिचारे १५ तारीख मागत होते. १९३६ च्या वेतन कायद्याने, हजारांहून कमी कामगार असतील तिथे ७ तारीख घातली. आपल्या भागातल्या चिरेखाणींवर बाहेरून आलेला मजूर उचल घेऊन येतो आणि त्याचा हिशेब होतो हंगाम संपताना. आता पाऊस जवळ आला आहे, खाणी बंद होतील, हिशेब सुरू होतील. त्या हिशेबाला मजुरांच्या बाजूने बसायला वाचता-लिहिता येणारी माणसे हवी आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे.