वर्गातली कथा आणि वर्गातला वाचक



समोर विद्यार्थी बरेच दिसताहेत, म्हणून थेट त्यांच्याशीच बोलतो. कथालेखनाच्या वर्गात एकाने कथा वाचायची आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, असा रिवाज आहे. पण बोललं जातं काय? "छान जमलीय", नाहीतर "शेवट पटला नाही". एवढं ऐकून लेखक घरी जातो, कागद पुढ्यात घेतो आणि आता काय करायचं हे त्याला उमगत नाही. माझं म्हणणं असं की, कथा वाचताना तुमच्या मनात काय झालं आणि कुठल्या ओळीपाशी झालं, ते त्याला सांगा. दुरुस्ती त्याची त्याला करू द्या.

एका वर्गात एका मुलाने कथा वाचली. मुलगी वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी येते. पहिली दोन पानं एसटीचा प्रवास, घाट, पाऊस. मग घर. खुंटीला वडिलांचा शर्ट अजून तसाच. सकाळी दूधवाला येतो, आई त्या शर्टाच्या खिशात हात घालते, सुट्टे पैसे काढून त्याला देते. पुढे भटजी, पानं, पंगत, आणि शेवटी मायलेकी गळ्यात पडून रडतात.

"शेवट फिल्मी झालाय," चार-पाच जण म्हणाले. लेखक वहीत काहीतरी खरडत राहिला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आई खिशातून पैसे काढते तिथे मी अडकले. माणूस जाऊन वर्ष झालं, मग त्या खिशात पैसे येतात कुठून? आईच ठेवत असणार. हे लक्षात आलं आणि पोटात कालवलं. नंतरची पंगत मी नुसती डोळ्यांनी वाचली, मन शर्टापाशीच होतं."

लेखकाने मान वर केली. पैसे कुठून येतात याचा विचार त्याने स्वतःही केला नव्हता! पुढच्या खर्ड्यात त्याने शेवटाला हात लावला नाही. एसटीचा सगळा प्रवास काढून टाकला आणि रात्री आई डब्यातली नाणी मोजून खिशात टाकते तिथून कथा सुरू केली. असं कर म्हणून कुणीही सुचवलं नव्हतं. आणि तेच शेवटचं रडणं आता खरं वाटू लागलं. "शेवट बदल" हा सल्ला त्याने मानला असता, तर चांगला शेवट हातचा गेला असता.

चेकॉव्हने 1899 साली गॉर्कीला लिहिलेलं पत्र त्या मुलीच्या बोलण्याच्याच जातीचं आहे. तुमच्या लेखनात विशेषणं फार होतात, असं त्याने कळवलं, पण तेवढ्यावर थांबला नाही. माणूस गवतावर बसला असं साधं लिहिलं तर ते वाचताक्षणी कळतं. त्याच वाक्यात माणसाची उंची, दाढी, गवताची अवस्था, बसण्याची तऱ्हा सगळं कोंबलं की वाचकाचं लक्ष दमतं, हे त्याने दोन वाक्यं शेजारी ठेवून दाखवलं. आपल्याकडे 'सत्यकथा' मासिकाच्या संपादकांनी, श्री. पु. भागवतांनी आणि राम पटवर्धनांनी, लेखकांच्या हस्तलिखितांवर असेच कष्ट घेतले.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतलं. रेमंड कार्व्हरच्या कथांवर संपादक गॉर्डन लिशने इतकी कात्री चालवली की काही कथा निम्म्याहून कमी उरल्या. 1980च्या जुलैत कार्व्हरने पत्र लिहून पुस्तक थांबवण्याची विनवणी केली. तरी 1981 मध्ये ते आलंच, आणि गाजलंही. त्यात वाढदिवसाच्या दिवशी मोटारीखाली सापडलेल्या मुलाची कथा आहे. लिशने ती फोन वाजतो तिथे तोडली. कार्व्हरच्या मूळ कथेत मुलगा दगावतो, न नेलेल्या केकसाठी सारखे फोन करणाऱ्या केकवाल्याला जाब विचारायला त्याचे आईबाप मध्यरात्री जातात, आणि तो त्यांना बसवून गरम पाव खाऊ घालतो. 1983च्या संग्रहात कार्व्हरने ती कथा पुन्हा भरघोस करून छापली. लिशची आवृत्ती घट्ट आहे, परिणामकारकही आहे. पण दुःखात माणसं एकमेकांना काय देऊ शकतात, हे कार्व्हरला सांगायचं होतं आणि नेमकं तेच कापलं गेलं. वर्गात "मी असतो तर असं लिहिलं असतं" हे वाक्य तोंडाशी येईल, तेव्हा हा पाव आठवा.

चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसावं, ही कार्यशाळांमधली जुनी पद्धत. मला ती अर्धीच पटते. आधी ऐकावं हे बरोबर, नाहीतर तो कथेची वकिली करत बसतो. पण शेवटी त्याला प्रश्न विचारू द्या: "आई पैसे ठेवते हे तुम्हाला कुठे कळलं?" असा प्रश्न फक्त त्यालाच सुचू शकतो.

राहता राहिली न आवडलेली कथा. तीही दोनदा वाचा, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. जिथे लक्ष उडालं तिथे समासात खूण करा. जिथे परत लागलं तिथेही करा. आणि त्या खुणा लेखकासमोर, वर्गातच बोलून दाखवा. कँटीनमध्ये त्याच्या पाठीमागे बोललेलं त्याच्या पुढच्या खर्ड्यापर्यंत पोचत नाही.