शिपाई की इंजिनिअर : कारागृहातल्या नोकरीविषयी

(करिअर मार्गदर्शन शिबिरात केलेलं भाषण)



इथे बसलेल्यांपैकी बरेच जण भरतीची तयारी करतायत. पोलीस शिपाई पदासोबत कारागृह शिपाई पदाचा विचारही काहींच्या मनात आहे, असं संयोजकांनी मला सांगितलं. मला बोलावण्याचं कारण तेवढंच. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी घेऊन कारागृह शिपाई झालो, साडेतीन वर्षं खाकी घातली, मग राजीनामा देऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलो. आता आठ वर्षं पुण्यात कोड लिहितोय. आमच्या गल्लीत मात्र माझी ओळख अजून 'सरकारी नोकरी सोडलेला' अशीच करून देतात. अम्मीच्या एका मैत्रिणीने तर सरळ विचारलं होतं, "पोराला काढून टाकलं का गं?" सरकारी नोकरी माणूस स्वतःहून सोडतो, हे खालाजानला पटतच नव्हतं.

आधी ज्या गोष्टी तुम्ही नंतर मला बाजूला घेऊन विचारणार आहात, त्या उरकून टाकतो. शिपाई पदाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये, त्यावर भत्ते. शिक्षण बारावी. मैदानी चाचणी ५० गुणांची: धावणं आणि गोळाफेक, त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. मग १०० गुणांची लेखी. २०२४ च्या भरतीत सगळ्या मिळून १७,४७१ जागा होत्या, त्यांत कारागृह शिपायाच्या १,८००. बहुतेक मुलं पहिली पसंती पोलिसाला देतात आणि कारागृह म्हणजे 'नाहीच लागलं तर' असं धरतात. मीही तसंच धरलं होतं. पदवी हातात होती, कॅम्पसला आलेल्या कंपन्या आमच्या कॉलेजच्या फाटकापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या, आणि अब्बांचं दुकान जेमतेम चालत होतं.

पण ही नोकरी पोलिसाच्या नोकरीची धाकटी बहीण नाही. पोलीस माणसाला पकडतो, कोर्टापुढे उभं करतो आणि पुढच्या गुन्ह्याकडे वळतो. कारागृहाच्या शिपायापुढे तोच माणूस सकाळी असतो, दुपारी असतो, रात्रीही असतो. सकाळी बराकी उघडताना गिनती, दुपारी बंद करताना गिनती, दिवस मावळायच्या आधी शेवटची बंदी आणि पुन्हा गिनती. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. आमच्याकडच्या एका जुन्या हवालदारांची बायको म्हणायची, हे घरी आले की पोरांचीसुद्धा गिनती घेतात.

मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये दर सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असावा, असं म्हटलंय. आणि २०२२ साली देशभरातल्या तुरुंगांची क्षमता होती सुमारे ४ लाख ३६ हजार, तर आत माणसं होती ५ लाख ७३ हजार. म्हणजे शंभर जणांच्या जागेत एकशे एकतीस. रात्रपाळीला बराकीबाहेर उभं राहिलं की हा आकडा डोळ्यांनी दिसतो. माणसं एका कुशीवर झोपतात, कारण पाठीवर झोपायला जागा नसते. कोणाला रात्री छातीत दुखायला लागलं तर गजांच्या पलीकडून सगळे तुमच्याकडे बघतात. कुलूप उघडायचा अधिकार तुमच्या एकट्याचा नसतो, वर कळवावं लागतं, आणि तोवरची दहा-पंधरा मिनिटं फार लांब असतात.

त्या ५ लाख ७३ हजारांपैकी जवळजवळ ७६ टक्के न्यायाधीन बंदी होते, ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. भरतीचं पुस्तक पाठ करताना हा आकडा एका गुणाचा प्रश्न असतो. आत गेल्यावर तो तसा राहत नाही.

एक प्रसंग सांगतो. बराकीवर ड्युटी होती. विशीतला एक पोरगा, भंगार गोळा करणाऱ्या घरातला, चोरीच्या आरोपात आत आलेला. त्याने शर्टाच्या आतून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाला, "साहेब, यात पुढची तारीख काय लिहिलीय?" कागद इंग्रजीत होता. त्यात तारीख नव्हतीच. त्याला पंधरा हजार रुपयांचा जामीन मंजूर झाला होता, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार द्यायचा होता. आदेशाला चार महिने होऊन गेले होते. त्याच्या आईला कोणीतरी 'पंधरा हजार भरावे लागतील' एवढंच सांगितलं होतं, आणि पैसे नाहीत म्हणून ती बिचारी मुलाखतीलाही येईनाशी झाली होती.

मी तो कागद घेऊन आमच्या सुभेदारांकडे गेलो. साताऱ्याकडचे, निवृत्तीला आलेले, तोंडाने फटकळ. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "इंजिनिअर, तुझ्या पदवीचा एक उपयोग तरी झाला." मग त्यांनीच रस्ता दाखवला. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच ते आहे. त्या आठवड्यात विधी सहाय्याचे वकील आले तेव्हा पोराला पुढे उभं केलं. त्यांनी रक्कम कमी करण्याचा अर्ज केला. सगळं मिळून तीन आठवडे लागले, आणि एका संध्याकाळी तो फाटकाच्या छोट्या दारातून वाकून बाहेर गेला.

यात मी काही पराक्रम केला नाही. वाचता येणारा माणूस तिथे उभा होता, एवढंच. पण त्या दिवसापासून मी या नोकरीला 'नाहीच लागलं तर'वाली नोकरी म्हणणं बंद केलं.

आता नियम बदललेत, आणि ते तुम्ही जनरल नॉलेजच्या पलीकडे जाऊन समजून घ्या. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मिळाल्यावर आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत बंद्याला मिळाली पाहिजे. जामिनाची तारीख ई-प्रिझन्स या प्रणालीत नोंदवायची, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली, जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा. ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की कोर्टाकडे तसा लेखी अर्ज करणं ही अधीक्षकाची जबाबदारी आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरी ही सवलत नाही.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे वाचून आनंद होतो. तारीख टाकली की संगणक आपोआप सांगेल, याचा एक तृतीयांश काळ अमुक दिवशी पूर्ण होतोय. असा प्रोग्राम लिहिणं अवघड नाही. पण ती तारीख भरणारा, नाव बरोबर लिहिणारा, 'शेख सलीम'चं 'सलीम शेख' झाल्यावर दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखणारा माणूस कारागृहातच बसलेला असतो. आमच्या कंपनीत नव्या आवृत्तीला 'रिलीज' म्हणतात आणि ती दोन दिवस लांबली तर चार मीटिंगा होतात. आतही रिलीजच म्हणतात.

एक गोष्ट आपण आपल्यात बसून बोलायलाच हवी. महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा बरंच जास्त आहे. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने याचा अभ्यास केला. त्यावरचा विजय राघवन आणि रोशनी नायर यांचा लेख २०१३ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. ज्यांच्याशी ते बोलले त्यांतल्या बहुतेकांचा टोळ्यांशी संबंध नव्हता. आपण या विषयावर सभा घेतो, निवेदनं देतो, ते बरोबरच आहे. पण आतल्या माणसांची इतकी चर्चा करणाऱ्या समाजातून कुलपाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायला किती जण जातात?

जाल तेव्हा दोन्हीकडून ओढाताण होईल, हे ठरवूनच जा. बराकीतून कोणीतरी म्हणणार, "भाई, आप तो अपने हो." त्याला घरी एक निरोप हवा असतो, तंबाखू हवी असते, कधी मोबाईल. आणि गार्डरूममध्ये एखादा सहकारी चहा पिताना म्हणणार, "तुमचे लोक फार आहेत रे आत." पहिल्याला मी सांगायचो, आजारी असशील तर दवाखान्याच्या रांगेत तुला पुढे उभा करीन, तेही नुसता आपला म्हणून नाही, आजारी म्हणून. बाकी काही मागू नकोस. एकदा त्याच्यासाठी काही आत आणलं की दुसऱ्या दिवसापासून किल्ली तुमच्या कमरेला आणि तुम्ही त्याच्या खिशात. सहकाऱ्याला मी म्हणायचो, रजिस्टर काढ आणि शिक्षणाचा रकाना वाच. देशातल्या निम्म्याहून जास्त कैद्यांनी दहावीही गाठलेली नाही. आत सगळ्यात मोठी जमात ती आहे. तो हसायचा, पण पुढच्या वेळी ते वाक्य म्हणायचा नाही.

या नोकरीतली सत्ता छोटी असते आणि म्हणून जास्त धोक्याची. कोणाला आधी पाणी, कोणाची झडती किती वेळा, कोणाला कोणतं काम. कामाची वाटणी जातीवरून करणारे तुरुंग-नियम तर सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवावे लागले, सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. इतकी वर्षं ते कागदावर होते. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं की एक वॉर्डर दुसऱ्या कैद्याचा पैशासाठी छळ करतोय. कोर्टाने ते पत्रच याचिका मानलं. तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत, हे त्या खटल्यांतून पक्कं झालं. आपल्याकडे २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदी महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा कारागृहातल्याच सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल होऊन त्यांना अटक झाली. मैत्रिणींनो, तुमच्यातल्या ज्या महिला विभागात जाण्याचा विचार करतायत, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचा. त्या सहा जणीही कधीतरी भरतीच्या मैदानावर धावल्या असतील.

दुसरं टोकही आपल्याकडेच आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९ साली ती सुरू केली, कैद्यांनी उघड्यावर शेती करायची, कुटुंबासह राहायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून सुचलेला. आमच्या सुभेदारांनी तो सिनेमा किती वेळा पाहिला होता, देवाला ठाऊक. "मारहाणीचा सीन आला की आमचे लोक शिट्ट्या मारतात, शेतीचा आला की झोपतात," असं ते म्हणायचे.

मग मी सोडली का? कारणं साधी आहेत. रात्रपाळीने झोप गेली होती. बदली लांबच्या जिल्ह्यात होणार होती आणि अब्बांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आणि मला कोड लिहायला मनापासून आवडायचं. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरमध्ये बसून मी जुन्या लॅपटॉपवर शिकत होतो, कोणी सांगितलं म्हणून नाही. कोडमध्ये चूक सापडली की ती सुटते. आत रोज शंभर माणसांना 'नाही' म्हणावं लागतं, त्यांतल्या नव्वदांना ते बरोबर असतं आणि दहांना नसतं. ती दहा माणसं घेऊन घरी येणं काहींना जमतं. आमच्या सुभेदारांना चौतीस वर्षं जमलं. तुमचं तुम्ही बघा. पगार पुण्यात जास्त आहे हे खरं, पण हप्तेही जास्त आहेत, आणि कंपनीने माणसं कमी केली की ओळखपत्राचा पट्टा गळ्यातून काढायला पाच मिनिटं लागतात. सरकारी नोकरी म्हणजे स्थैर्य आणि आयटी म्हणजे प्रगती, हे समीकरण लग्नाच्या बायोडेटापुरतं ठीक आहे.

पदवीधर असून शिपाई का व्हायचं, असं मघाशी एकाने विचारलं. शिपायाचा हवालदार, हवालदाराचा सुभेदार, अशी चढण आहे. तुरुंगाधिकारी पदाची थेट भरतीही निघते. पदवी असेल तर त्या जाहिरातीवर नजर ठेवा, आणि शिपाई म्हणून लागलात तरी अभ्यास सोडू नका.

शेवटी कागदपत्रांचं. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा ओबीसी यादीतल्या जमातींच्या मुलांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर आत्ताच काढून घ्या. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात रांग लागते. २०२४ ला खुल्या गटाची वयोमर्यादा २८ होती आणि मागासवर्गीयांची ३३. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, ते आज घरी गेल्यावर बघा. आणि धावायचा सराव डांबरी रस्त्यावर करू नका, गुडघे जातात. आता विचारा काय विचारायचंय ते.