‘असू शकतो’ म्हणजे काय?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे मसाले व फराळाचे जिन्नस करून विकतात. त्यांच्यापुढे माझीच एक चूक मांडावयाची आहे.

माझ्या जिरेपुडीच्या पाकिटावर ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ असे मी छापीत असे. एका गिऱ्हाईक बाईंनी विचारले, “असू शकतो, म्हणजे आहे की नाही? माझ्या मुलाला शेंगदाणा विषासमान आहे.” मला उत्तर देता येईना. आमचे जिरे ज्या कांडपयंत्रात दळले जाई, त्यातच दाण्याचे कूटही होते काय, हे मी कधी विचारलेच नव्हते!

२०१४ च्या अखेरीस व २०१५ साली अमेरिकेत जिरेपुडीत शेंगदाण्याचा अंश सापडला आणि ती पूड घातलेले शेकडो पदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. दोष पुरवठ्याच्या मालातला. लेबल मात्र दुसऱ्याचे. असे वावडे असणाऱ्याचा श्वास अल्प अंशानेही कोंडू शकतो.

आपल्याकडील २०२० च्या लेबलविषयक नियमांत ‘असू शकतो’ या इशाऱ्याला स्थान आहे; पण तो चौकशी टाळण्यासाठी खास नव्हे. उपवासाची भाजणी गिरणीत नेताना आपल्या आया “आधी काय दळलंत?” हे विचारल्यावाचून डबा पुढे करीत नसत. तोच प्रश्न मी कांडपवाल्यास केला. यंत्र एकच निघाले. तेव्हा दाणे न दळणारा दुसरा शोधला व त्याच्याकडून तसे लिहून घेतले. दळणावळ अधिक पडते.

बाईंना हे कळविले आहे. त्यांनी पूड अद्याप नेलेली नाही.